रडारवालीची आई

सुलभाताई बॅग घेऊन एसटीत बसल्या आणि निम्मा बाजार बंद झाला. त्यांची थोरली लेक वैजयंती टेकडीवरच्या रडार केंद्रात होती. सीमेपलीकडे हल्ल्याची तयारी सुरू झाली की तिथल्या पडद्यावर आधीच दिसे; पण ते गुपित असे. म्हणून गाव केंद्रातल्या लोकांच्या घरच्यांवर नजर ठेवून असे; ते निघाले की हल्ला येणार, असं समजे.

"धाकटीचं बाळंतपण आहे हो, मिरजेला," त्या सांगत होत्या.

"मग आम्हीही बारसं जेवूनच येऊ," म्हणत शेजारचे गुरव बायकामुलांसकट चढले.

बघता बघता रस्ते गाड्यांनी भरले. एसटी स्टँडच्या फाटकातच अडकली. तिकडे वैजयंतीच्या पडद्यावर सीमेपलीकडे एक ठिपका उजळला: तिथं तयारी सुरू झाली होती. गाव रिकामं होतंय, म्हणजे आपल्यावर इथूनच हल्ला होणार, असा अर्थ पलीकडच्या यंत्रणेनं काढला होता, हे तिनं ओळखलं. पडदा सहकाऱ्यावर सोपवून ती धावत खाली आली.

"आई, उतर."

"ती एकटी आहे गं तिथं. सकाळपासून कळा येतायत."

"तू उतरलीस तरच हे सगळे उतरतील. बाजारात जा, भाजी घे. लोकांना दिसू दे."

सुलभाताई उतरल्या आणि मेथीच्या जुडीवरून घासाघीस करू लागल्या. गुरव मुकाट्यानं खाली आले. एकेक शटर वर जाऊ लागलं. पिशवीत मिरजेचा फोन वाजत होता.

"ही शिळी आहे," त्या आणखी मोठ्यानं म्हणाल्या. "उद्या ताजी ठेव. उद्याही येणार आहे मी."