सदतीस नंबरची पाटी

बॅग खांद्यावरून उतरवायच्या आधीच तिनं भेटीचं रजिस्टर मागितलं.

"ते पाहुण्यांचं गं. तुला कशाला?" गेटवरच्या मावशी म्हणाल्या. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते मुकाट्यानं पुढं सरकवलं. एकवीस वर्षं त्या या कॉलेजच्या वसतिगृहाचं गेट सांभाळत होत्या. पोरी तत्त्वज्ञान शिकायला येवोत की नाटक, मावशींना त्या खोलीच्या नंबरानं ठाऊक. ही सदतीस नंबर. पंधरा दिवसांपूर्वी हिचे वडील गेले. मंगळवारी, कामावर असताना, कुणाच्या तरी जिन्यात.

तिनं पानं उलटली. मंगळवारच्या आधीचा शनिवार. वडिलांचं ठसठशीत अक्षर. नातं: वडील. येण्याचं कारण: सहज. आल्याची वेळ साडेचार, गेल्याची पावणेसहा.

सव्वा तास! तिला वाटत होतं, पाच मिनिटांत गेले असतील.

त्या शनिवारी ती वर खोलीतच होती. चौघी जणी एका कॉटवर बसून नाटकाच्या तालमीची टिंगल करत होत्या, हसून हसून पोट दुखायची वेळ आली होती. तेवढ्यात भेटीची घंटा वाजली. तिनं नुसती मान हलवली आणि तिच्या खोलीतली चश्मिस जिन्यातून ओरडली, "लायब्ररीत गेलीय!" वसतिगृहात हे सगळ्याच सगळ्यांसाठी ओरडत. चिकट मामा आला, ओरड. नकोसा मित्र आला, ओरड. त्याचं कुणाला काही वाटत नसे. आणि वडील तर दर शनिवारीच यायचे. जेवतेस ना, झोपतेस ना, काही हवंय का? हे तीन प्रश्न झाले की दोघं गप्प, वर पंख्याकडे बघत. एक शनिवार चुकला तर काय आभाळ कोसळणार होतं? पुढचा होताच की.

"मावशी, एकच सांगा," ती म्हणाली. "मी लायब्ररीत आहे, हे त्यांना खरं वाटलं ना?"

पंधरा दिवस ती या एका गोष्टीला धरून होती. त्यांना कळलं नसेल. पोरगी अभ्यासात आहे अशा समाधानात ते घरी गेले असतील. पण मन काही थाऱ्यावर राहत नव्हतं. वडील विजेचे मीटर वाचत दारोदार हिंडायचे, आणि रात्री जेवताना दार न उघडणाऱ्या घरांची नक्कल करून दाखवायचे. "आतून बाई ओरडते, घरी कुणी नाही! आणि इकडं मीटर बघावा तर भिंगरीसारखा पळतोय!" यावर तीच सगळ्यांत जास्त हसायची.

मावशी क्षणभर घुटमळल्या. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण एवढी चांगली गोष्ट आपल्यापाशी आहे आणि ती या पोरीला सांगू नये, हे त्यांना पटेना.

"खरं कसं वाटेल गं? फळ्यासमोरच बसले होते ना ते."

समोरच्या भिंतीवर तो फळा होता. प्रत्येक खोलीच्या नंबराखाली तिथल्या मुलींच्या पाट्या. एका बाजूला 'आत', दुसऱ्या बाजूला 'बाहेर'. जाता-येता आपली पाटी आपण फिरवायची. जिची पाटी खोटी निघे तिचं नाव रेक्टरबाई जेवणघरात सगळ्यांदेखत पुकारत. त्या दिवशी लायब्ररीत गेल्याचं सांगितलं खरं, पण पाटी 'आत'च राहिलीय, हे तिला आठवलं ते सहा वाजून गेल्यावर. धावत खाली येऊन बघते तर पाटीवर 'बाहेर'. "चश्मे, वाचवलंस बाई!" असं ती वर जाऊन म्हणाली होती, आणि चश्मिसही "त्यात काय एवढं" म्हणाली होती.

"तुझी पाटी 'आत'," मावशी सांगत होत्या. "वरून तुमच्या हसण्याचा हा गलका. मीच म्हटलं, थांबा, परत घंटा देते. तर म्हणाले, नको, नको. हसतेय ती. मी बसतो जरा."

"आणि बसले?"

"बसले की. ऐकत होते. मधेच मला म्हणाले, हा आमच्या हिचा आवाज."

तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"मग दारात रेक्टरबाईंची गाडी थांबली. तसे उठले, आणि त्या आत यायच्या आत तुझी पाटी फिरवून टाकली. पाहुण्यांनी फळ्याला हात लावायचा नसतो, पण मी कशाला बोलतेय? मला म्हणाले, घाईत विसरली हो. उगाच बोलणी बसतील तिला." मावशींनी डोळे पुसले. "असा बाप नशिबानं मिळतो गं. तुला कळायला हवं म्हणून सांगितलं."

तिनं रजिस्टर मिटलं, नीट सरळ करून टेबलावर ठेवलं. बॅग उचलली आणि जिन्याकडे वळताना, रोजच्या सवयीनं, तिचा हात फळ्याकडे गेला.

पाटीवर 'आत' होतं. मंगळवारी फोन आला तेव्हा ती आहे तशी धावत सुटली होती, पाटी फिरवायची राहूनच गेली होती. पंधरा दिवस ती तशीच होती. कुणी फिरवली नव्हती.