बोटीचं गिऱ्हाईक

नवरा गेल्यावर भागीरथा आंभोऱ्याला मासेमारीची बोट एकटीच चालवायची. दीर जितेंद्रनं तिला न विचारता बोट विकायला गिऱ्हाईक आणलं. बोट चालवून दाखवायला तिघं निघाले, तर वैनगंगेच्या मधोमध इंजिन आचके देत बंद पडलं. जितेंद्रनं प्लग पुसला, फिल्टर धुतला, दोरी ओढून ओढून तो घामाघूम झाला. शेवटी वल्ही मारत सगळे काठाला लागले. गिऱ्हाईक तोंड फिरवून निघून गेलं.

“आता भंगारातच द्या लागते हे,” जितेंद्र चिडला.

भागीरथानं टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला, दोरी ओढली. इंजिन धडधडत सुरू झालं.

“हा आवळला का पेट्रोल पुढं जात नाही, भाऊजी. मीच आवळला होता. आणा अजून कोणाले आणता ते!”