भरदुपारची घंटा

मे महिन्यातली भर दुपार. चर्चची घंटा वाजवणारे सायमनराव घंटेला तेल घालायला मनोऱ्यावर चढले होते. ते वर आहेत हे चौकीदाराला ठाऊक नव्हतं. तो खालच्या दाराला कुलूप लावून जेवायला गेला. सायमनरावांचा मोबाईल खाली बाकावरच राहिला होता. तापलेल्या पत्र्याखाली त्यांच्या जिवाची काहिली होऊ लागली. हाका मारून घसा बसला, तेव्हा त्यांनी घंटेचा दोर धरला.

रस्त्यावर एक स्कूटी थांबली. तोंडाला दुपट्टा बांधलेल्या मुलीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ती निघून गेली. मागून एक म्हातारा आला, त्यानेही हात जोडले आणि वाट धरली. सायमनराव जीव खाऊन वाजवत राहिले. खालचे लोक नमस्कार करून जात राहिले. अखेर त्यांच्या हातांतलं बळ सरलं.

तेवढ्यात खाली कुलूप फोडल्याचा आवाज आला. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या मार्थाबाई पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत वर आल्या.

पाणी पिऊन सायमनरावांनी विचारलं, "तुमाले कसं समजलं, बाई?"

"तीस वर्सं झाली, तुमची घंटा ऐकून राहिली मी, भाऊ. आज पहिल्यांदा बेताल वाजली."