शाळेपर्यंत पायी

"बाबा, घरी जा ना तुम्ही!" यादिरा मागे न बघताच ओरडली.

इलारियोची पिकअप गाडी तिच्या मागून गोगलगायीसारखी येत होती. फुटपाथवर पोरगी, कडेनं बापाची गाडी. काच खाली केलेली, एसी भन्नाट सोडलेला, शेजारच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले होते.

"काय रे इलारियो!" टायरवाला चेमा दुकानातून ओरडला. "लेकीला सोडतोयस का गुरं हाकतोयस?"

यादिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मान खाली घातली आणि पाय उचलले.

मागच्याच आठवड्यात दवाखान्यातल्या बाईंनी तिला काट्यावर उभं केलं, रक्त काढलं आणि आईला समोर बसवून सांगितलं, पोरीची साखर मधुमेहाच्या पार कडेला येऊन टेकलीय. तेराव्या वर्षी! कोलासारखा गोड सोडा बंद, गोड पाव बंद, आणि शाळेत रोज पायी जायचं. आईनं घरी आल्या आल्या सोड्याच्या बाटल्या मोरीत ओतल्या. तिकडे सरहद्दीपलीकडे, मेक्सिकोत, आजी साखरेनंच गेली होती. आधी एक पाय कापला, मग दुसरा, मग आजीच गेली. तो पट्टी बांधलेला पाय यादिरानं फोनवर पाहिला होता. तेव्हापासून ती झोपताना स्वतःचे तळवे चाचपून बघायची.

खाण्याचं सगळं इलारियोनं मुकाट्यानं ऐकलं. स्वतःच्या ताटातले चरबीतले बीन्सही सोडले. पण चालायचं नाव काढलं की गडी बिथरायचा.

"मी आहे, गाडी आहे, मग लेकरानं पायपीट कशाला करायची?"

कोपऱ्यावरून मक्याच्या टॉर्टिया आणायच्या तरी हा माणूस गाडी काढायचा. शेजारच्या घरी बाप्तिस्म्याचं जेवण होतं, तिथंही गाडीनं गेला. लेट्युसच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, म्हणजे तिथंही बसूनच. पोट स्टिअरिंगला लागायला लागलं तेव्हा पठ्ठ्यानं सीट मागे सरकवली. आई एरवी त्याला वाट्टेल ते सुनवायची, पण चालण्यावरून कधी अवाक्षर काढायची नाही. त्यामुळे बापाला आळशी म्हणायचं काम एकट्या यादिराकडे होतं. एकुलती एक होती, म्हणून चालायचं तिचं.

आज तो दाढी करत असतानाच ती घरातून सटकली होती. त्यानं तिला दुसऱ्या वळणावर गाठलं.

"बाळा, आत बस. ऊन चढतंय."

"सकाळचे आठ वाजलेत, बाबा!"

"तहान लागली का?"

"नाही!"

शाळेचं फाटक दिसायला लागलं. वर्गातल्या पोरी तिथं खिदळत उभ्या होत्या. नेमकी तेव्हाच यादिराच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला म्हणून ती फुटपाथवर बसली.

मागे करकचून ब्रेक लागला. दार तसंच उघडं टाकून तो अवजड माणूस धावत आला, धाडकन गुडघ्यांवर पडला आणि अख्खा कॅन त्यानं तिच्या डोक्यावर रिकामा केला.

"बसू नको! ऊठ! डोळे उघडे ठेव, माझ्याकडे बघ!"

केस तोंडाला चिकटले. दप्तर भिजलं. पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

"आजीसारखे पाय कापायला लागले ना माझे, तर ते तुमच्यामुळे!" यादिरा रडत किंचाळली. "स्वतः हलायचं नाही आणि मलाही हलू द्यायचं नाही! चालून कधी कुणाची पोरगी मेलीय का?"

इलारियो गुडघ्यांवरच होता. त्याला धाप लागली होती. यादिराला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो तिच्या सुटलेल्या नाडीला गाठ मारत बसला. गाठ काही बसेना.

"मेलीय," तो हळूच म्हणाला. "तुझी थोरली बहीण. तुझ्या जन्माआधी, सरहद्द ओलांडून इकडं येताना, वाळवंटात. पाणी संपलं होतं. ती अशीच खाली बसली, म्हणाली, आता नाही चालवत. मीच हाताला धरून उठवली तिला. म्हटलं, चाल बाळा, थोडंच राहिलंय."