कडेवरचं मूल

"म्हणजे ही आई नाहीच?" कादंबरीने विचारलं.

"छे गं!" सुलेखाताई म्हणाल्या. "आई नाही, बाई पण नाही. बाप्या निघाला!"

काचेपलीकडे प्लास्टरची दोन माणसं होती. एक मोठं, मागे रेललेलं. दुसरं चारेक वर्षांचं, त्याच्या कडेला घट्ट चिकटलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांचं पॉम्पेई शहर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. राख दगडासारखी घट्ट झाली, आतली शरीरं कुजली, आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या आणि आत हाडं तेवढी उरली. खणणाऱ्यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं. ही त्याचीच नक्कल, प्रदर्शनासाठी सिंगापूरला आणलेली.

सुलेखाताई दर रविवारी हौसेने म्युझियममध्ये गाईडचं काम करत. उरलेला आठवडा मराठी मंडळाला; आजही मंडळाचीच माणसं सोबत होती.

"पन्नास वर्षं सगळे आई-आई करत बसले," त्या सांगत होत्या. "हातात सोन्याचं कडं, कडेवर लेकरू, म्हणजे आईच की! मग हाडांतून डीएनए काढला. पुरुष. आणि त्या पोराशी रक्ताचं नातं? शून्य!" त्यांनी अमेयच्या पाठीवर थाप मारली. "आपल्या अमेयसारखा. देवमाणूस हो!"

अमेयला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कादंबरी त्याची नव्हती. त्याची बायको चैत्राली, तिच्या पहिल्या नवऱ्याची ही मुलगी. तो नवरा पोर रांगत असतानाच वारला. अमेयशी लग्न झालं तेव्हा कादंबरी पाच वर्षांची होती, आता नऊची. "दत्तकाचे कागद करून टाक रे," असं चैत्राली दोनदा म्हणाली होती. "करू गं, पुढच्या महिन्यात." तो पुढचा महिना कधी उजाडलाच नाही. आठ महिन्यांपूर्वी सिंगापुरातल्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात चैत्राली सव्वीस दिवसांत गेली, आणि शाळेच्या रजिस्टरात पोरीच्या नावापुढे अजून त्या वारलेल्या बापाचंच नाव राहिलं.

कादंबरीच्या सिंगापुरात राहण्याच्या पासची मुदत उद्या संपत होती. वकील म्हणाला होता, अर्ज करा, मी सांभाळतो असं लिहा, होऊन जाईल. अमेयने अर्ज उघडला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. 'मुलीची जबाबदारी कोण घेणार' या रकान्यापाशी थांबला, तो थांबलाच. मग ज्याला त्याला सांगत सुटला, पास मिळत नाही हो, काय करणार! मंडळाच्या ग्रुपवर लोक हळहळले. नाशिकहून तिचा मामा न्यायला आला. उद्या सकाळचं विमान.

वाईट माणूस नव्हता अमेय. पण त्याचा चांगुलपणा आठ महिनेच पुरला, त्याला कोण काय करणार? वेण्या, डबे, ताप, हिंदीचा गृहपाठ, आईच्या उशीत तोंड खुपसून रडणं. तो अडतीस वर्षांचा होता. आपल्याला मोकळं व्हायचंय हे कळलं तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली. शिसारी आली, पण अर्ज काही भरला नाही.

"तो पळू शकला असता?" कादंबरीने विचारलं.

"एवढं पोर घेऊन? कठीण होतं गं," सुलेखाताई म्हणाल्या. "अंधार, वरून दगड पडतायत."

"नाही, एकटा."

"एकटा... पोचला असता कदाचित समुद्रापर्यंत. कोणी सांगावं?"

"बट ही नेव्हर रन, लाह," कादंबरी तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"नाही पळाला." सुलेखाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि बाकीच्या मंडळींना घेऊन त्या पुढच्या दालनात गेल्या.

आता तिथे दोघंच होती.

"चल, बेडोकच्या फूड कोर्टात जाऊ," अमेय म्हणाला. "ते नारळाच्या दुधातलं, बर्फाचं चेंदोल खाऊ. तुला आवडतं ना?"

ती हलली नाही.

"हे बघ, नाशिकला मजा येईल तुला. आणि माझे प्रयत्न चालूच आहेत. पास मिळाला रे मिळाला की लगेच..."

"बाबा, तू पास मागितलाच नाहीस." ती रागावलेली नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं. "काल तुझ्या लॅपटॉपवर मी माझ्या पुस्तकांची लिस्ट करत होते. अर्ज दिसला. अर्धाच भरलाय. मार्चपासून तसाच आहे."

अमेय तिथेच तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. हनुवटी चैत्रालीची. भांग वाकडा, तिचा तिनेच पाडलेला. हिला सोडून आपण कुठे जाणार होतो? कसलं मोकळं होणार होतो?

"भरतो," तो म्हणाला. त्याने फोन काढला. "आत्ता भरतो, बाळा. इथेच. मुदत उद्यापर्यंत आहे. मामाला मी सांगतो, विमान रद्द करू. माझं चुकलं गं. तू कुठेही जायचं नाहीस."

त्याने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

कादंबरी एक पाऊल मागे सरकली.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही पळा, अमेयकाका."