शेवटचं रीळ

गायिका कुमुद केरकरांचं पत्र चित्रपट-समीक्षक विद्वांसांनी पन्नास वर्षं शब्दकोशात जपून ठेवलं होतं. उत्तर मात्र दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता: "आपण शेवटचा प्रसंग पाहिलात का?"

पाहिला नव्हता. साप्ताहिकाच्या छपाईची वेळ गाठायला ते त्या सिनेमाच्या मध्यंतरातच उठले आणि लिहून मोकळे झाले, 'लोकप्रिय गायिकेने गावे, अभिनयाच्या वाटेला जाऊ नये.' केरकर पुन्हा पडद्यावर दिसल्या नाहीत.

आज फिल्म सोसायटीत तोच कृष्णधवल गुन्हेपट होता.

"मध्येच उठलात, तर घरी एकट्यानं जायचं," पत्नीने बजावलं.

शेवटचा प्रसंग. पडद्यावर केरकर, प्रियकराचा खून केलेली हॉटेलातली गायिका. दाराशी पोलीस. वादकांनी तिच्या गाण्याची सुरुवात वाजवली, पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. ती माईकसमोर नुसती उभी राहिली. मग कानातले डूल काढून तिने पियानोवर ठेवले आणि न गाताच पोलिसांकडे चालू लागली.

"अहो, रडताय की काय?" पत्नी कुजबुजली.

सोसायटीकडून केरकरांचा मडगावचा पत्ता मिळाला. घरी चार कागद फाडल्यावर पाचव्यावर एवढंच उरलं: 'तेव्हा पाहिला नव्हता, न पाहताच लिहिलं. आज पाहिला. आपण गायला नाहीत, तेव्हा माझा श्वास अडकला.'

"ऐंशीच्या पुढे असतील त्या. आता काय उपयोग?"

"त्यांनी विचारलं होतं ना," विद्वांस पुटपुटले.

सकाळी त्यांनी पत्र पेटीत टाकलं आणि पोस्टमन पेटी रिकामी करेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.