नानांचं राहिलेलं काम

रंभाजीनाना म्हणजे साखर कारखान्यातले निवृत्त फिटर आणि अख्ख्या गल्लीचे बिनपगारी मिस्त्री. आज मुळेच्या काठी त्यांचा दहावा होता आणि पिंडाला कावळा काही केल्या शिवत नव्हता.

"ह्यांचं कायतरी राहिलंय," भागिरथीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. थोरल्यानं आईला सांभाळायचा शब्द दिला, लेकीनं माहेर न तोडण्याचा. कावळा जागचा हलेना.

मग शेजारचे मच्छिंद्र मास्तर, गल्लीतले एकमेव कवी, घसा खाकरत पुढे झाले. "नाना, तुमच्यावर शंभर ओव्यांचं पुस्तक काढतो!"

कावळ्यानं चक्क पाठ फिरवली.

"मास्तर, आता बास करा," काकू काकुळतीला आल्या, "हाय तेवढा कावळाबी उडून जाईल!"

लोक हसू दाबायला लागले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काकूंच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून त्यांनी पुन्हा हात जोडले आणि हळूच पुटपुटले, "नाना, आमच्या मोरीचा नळ गळतोय, त्याला तुम्ही 'उद्या येतो' म्हणाला होतात. नका येऊ आता. मी प्लंबर बोलावतो."



मास्तरांचं वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर होता.